शाकारणी : पावसासाठी आणि वाऱ्यासाठी

मृग लागण्यापूर्वी घर शाकारून घ्यावयाचे, ही कोकणातील सर्वांना ठाऊक असलेली रीत आहे. वैशाखात भाजवळीची कामे हातावेगळी झाली, आंबे-काजू संपत आले, की घराघरांवर माणसे चढलेली दिसतात. कौले उतरवायची, त्यांवरचे शेवाळ आणि पाचोळा झाडायचा, वाळवीने किंवा भुंग्याने खाल्लेला वासा बदलायचा, फुटकी कौले काढून नवी घालायची आणि पुन्हा खालून वर ओळीने रचीत जायचे, याला शाकारणी म्हणतात. घाटावरून आमच्या महाविद्यालयात आलेल्या मित्रमैत्रिणींना हा शब्द फार तर पुस्तकात भेटला असेल, म्हणून एवढे सांगितले. नळ्यांच्या, म्हणजे कुंभाराने हाताने केलेल्या गावठी कौलांच्या घरात सगळे छप्परच परतावे लागे. मंगलोरी कौलांत तेवढे काम नसते. ती एकमेकांत खाचेने अडकतात, जागची फारशी हलत नाहीत. १८६० नंतरच्या दशकात मंगळूरला जर्मन-स्विस मिशनऱ्यांनी त्यांचे कारखाने काढले आणि पुढे ही कौले सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर पसरली.

परंतु प्रस्तुत लेखात मला सांगावयाचे आहे ते निराळे आहे. आपली ही सारी शाकारणी पावसाचा विचार करून बसवलेली आहे. पाणी आत येऊ नये, एवढाच तिचा हेतू. वाऱ्याचा विचार तीत जवळजवळ नाही, आणि ३ जून २०२० रोजी त्याची किंमत आम्ही मोजली.

त्या दिवशी दुपारी 'निसर्ग' नावाचे चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, मंडणगड, दापोली या तालुक्यांतील सुपारीच्या आणि नारळीच्या बागा आडव्या झाल्या. मी तेव्हा परीक्षेविना आठवीतून नववीत ढकलली गेले होते. टाळेबंदीमुळे मुंबईची मंडळीही गावीच होती, त्यामुळे आमच्या श्रीवर्धन तालुक्यातील घरात लहानमोठी अकरा माणसे होती. सकाळपासून वारा वाढत होता. पडवीची कौले आधी वाजू लागली. कपाटातील कपबशा वाजतात तसा तो आवाज होता. मग पडवीचे छप्पर एकदम उचलले गेले आणि जाताना मुख्य घराच्या पाख्याचे खालचे वासे घेऊन गेले. आम्ही माजघरात भिंतीला टेकून बसलो होतो. वर पाहिले तर आकाश. मध्ये थोडा वेळ वारा पडला तेव्हा बाबा कौले सावरायला बाहेर निघाले. आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, त्यांचा हात धरून खाली बसवले. थोड्याच वेळात वारा पुन्हा सुरू झाला, पण या वेळी उलट दिशेने. उरलेला पाखा तेव्हा गेला.

हे असे का झाले, हे मला पुष्कळ दिवस कळले नव्हते. चक्रीवादळाचा वारा आपल्या गोलार्धात केंद्राभोवती घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो, हे पुढे भूगोलाच्या तासाला शिकले तेव्हा उलगडा झाला. केंद्र, ज्याला वादळाचा डोळा म्हणतात, ते आपल्यावरून गेले की आधी एका बाजूने आणि मग बरोबर विरुद्ध बाजूने वारा येतो. मधली शांतता ही वादळ संपल्याची खूण नसते. म्हणूनच केवळ समुद्राकडची बाजू बळकट करून भागत नाही. आमच्या गावात अजूनही पुष्कळजण तेवढीच बांधतात.

अटलांटिक महासागरात याच वादळाला हरिकेन म्हणतात आणि तेथे १ जून ते ३० नोव्हेंबर हा त्याचा हंगाम धरतात. अरबी समुद्रात हंगाम दोन आहेत. एक पावसाच्या तोंडावर, मे-जूनमध्ये, आणि दुसरा पाऊस परतल्यावर, ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत. २००९ साली ११ नोव्हेंबरला 'फयान' आले ते दुसऱ्या हंगामातले. २०२१ साली १६ मे रोजी 'तौक्ते' कोकण किनाऱ्याजवळून वर गुजरातकडे गेले ते पहिल्या हंगामातले. आता मृग लागतो ७ जूनच्या सुमारास. म्हणजे 'निसर्ग' मृगाच्या चार दिवस आधी आले, आणि 'तौक्ते' तर तीन आठवडे आधी, जेव्हा कित्येक घरांची कौले उतरवून अंगणात रचलेली होती. मृगापर्यंत शाकारले म्हणजे वेळेवर शाकारले, हा हिशेब पावसापुरता खरा आहे. वाऱ्यासाठी तो महिनाभर अलीकडे ओढला पाहिजे. आमच्या घरी आता अक्षय्य तृतीयेच्या आत काम उरकतो. आबांना हे प्रथम पटले नव्हते. कडक उन्हात वर चढायचे कोणी, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो काही चुकीचा नाही.

आता वारा छप्पर कसे नेतो ते पाहू. वारा छपरावर आदळून ते मोडतो, अशी माझी समजूत होती. आबा मात्र म्हणत, "बाय, वारा कौलांवर बसत नाय. तो घरात शिरतो नि आतून उचलतो." आबांनी तीस-पस्तीस वर्षे गावची घरे शाकारली. शाळेत ते दुसरीपर्यंतच गेले. त्यांचे हे म्हणणे अर्धे बरोबर आहे, आणि उरलेले अर्धे असे, की वारा वरूनही ओढतो. पाख्यावरून वेगाने जाणारी हवा छपराला वर खेचते, विशेषतः आढ्याजवळ, कोपऱ्यांत आणि वळचणीच्या कडेला. याच वेळी वाऱ्याच्या बाजूचे दार किंवा खिडकी उघडली गेली, की आत भरलेली हवा खालून ढकलते. खेचणे आणि ढकलणे एकत्र झाले की छप्पर सुटते. म्हणून दारांना आडसर हवाच, आणि खिडक्यांच्या कड्या शाकारणीच्या वेळीच तपासाव्यात. छपराच्या कामात दाराचा काय संबंध, असे कोणी म्हणेल, पण छप्पर वाचवणारी पहिली वस्तू दार हीच आहे.

हा जोर किती असतो? शास्त्र शाखेतील एका मैत्रिणीकडून मी हिशेब करून घेतला. (मला गणिताची भीती आहे हे वर्गात सर्वांना ठाऊक आहे.) वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. ताशी ६० किलोमीटरचा वारा, म्हणजे पावसाळ्यातली चांगली वावटळ, एका चौरस मीटरवर सुमारे १७ किलोचा दाब देते. ताशी १२० किलोमीटरला तोच दाब ६८ किलोच्या आसपास जातो. मंगलोरी कौल अडीच किलोच्या आगेमागे भरते आणि चौरस मीटरला साधारण पंधरा कौले लागतात. म्हणजे छपरावर चौरस मीटरमागे सदतीस-अडतीस किलो वजन झाले. रोजच्या वाऱ्यात कौले नुसत्या वजनाने जागेवर राहतात आणि 'निसर्ग'सारख्या वादळात का राहू शकत नाहीत, हे या दोन आकड्यांवरून कळते. कडेला आणि कोपऱ्यात ओढ याहूनही जास्त असते.

मग पत्रा बरा, असे पुष्कळांनी ठरवले. २०२० नंतर आमच्या भागात कौलांची घरे झपाट्याने पत्र्याची झाली. पण पत्र्याचे वजन पाहा. दहा फूट लांब आणि साडेतीन फूट रुंद लोखंडी पत्रा जेमतेम पंधरा किलोचा. वरच्या हिशेबाने त्याला उचलणारा जोर दोनशे किलोंच्या वर जातो. म्हणजे पत्रा आपल्या वजनाने मुळीच टिकत नाही. तो टिकतो आकड्यांवर आणि स्क्रूवर. आमच्या शेजारच्या घराचा पत्रा वादळाच्या दोनच वर्षे आधी घातलेला होता. तो पाइपांच्या सांगाड्यासकट निघाला आणि दोन शेते ओलांडून पडला. ज्याने ते काम केले त्याने पाइप भिंतीवर नुसते ठेवून वर सिमेंटचा गोळा थापला होता. कौल गेले तर एक कौल जाते, त्या भगदाडातून हवा निसटते आणि कधी कधी उरलेले छप्पर वाचते. पत्रा गेला तर सांगाडा घेऊन जातो, आणि उडालेला पत्रा म्हणजे तलवारच.

पत्र्यावर दगड, विटा, जुने टायर ठेवण्याची पद्धत सगळीकडे दिसते. दोनशे किलोंच्या जोरापुढे पाच-सहा दगडांचे काय चालणार? उलट ते दगड उडून दुसऱ्याच्या घरावर जातात. पत्र्याला खिळे मारणे हेही तसेच. ऑस्ट्रेलियातील डार्विन या शहरावर १९७४ साली नाताळच्या रात्री 'ट्रेसी' नावाचे वादळ आले आणि तेथील बहुतेक घरे उद्ध्वस्त झाली. पुढे तपासात आढळले, की पत्रा वाऱ्याने सारखा खालीवर हलून खिळ्या-स्क्रूंच्या भोवती थकत गेला, चिरला आणि मग सुटला. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसाच हा प्रकार. म्हणून पत्र्याला आकडे म्हणजे जे-हूक किंवा चांगले लांब स्क्रू आणि रुंद वायसर घालावेत. ते पन्हाळीच्या उंचवट्यावर मारावेत, खोलगट भागात नव्हे, नाही तर पाणी गळते. मधल्या भागात जेवढ्या अंतरावर आकडे असतील, त्याच्या निम्म्या अंतरावर ते कडेच्या आणि आढ्याजवळच्या ओळीत हवेत. खाऱ्या हवेत आकडा किती लवकर गंजतो हे किनाऱ्यावरच्या माणसाला सांगायला नको. दरसाल हाताने हलवून पाहावा. सिमेंटचा जुना पत्रा कापताना किंवा फोडताना उडणारी धूळ छातीला अपायकारक असते, तेव्हा तो ओला करूनच हाताळावा.

आमच्या घरात या प्रश्नावर मोठा वाद झाला. काका मुंबईहून पैसे द्यायला तयार होते. त्यांचे म्हणणे, एकदाचा पत्रा घाला आणि दरवर्षीची कटकट मिटवा. आबा म्हणाले, पत्र्याखाली वैशाखात माणूस भाजून निघतो आणि पावसात शेजारी बसलेल्याचे बोलणे ऐकू येत नाही. बाबा दोघांच्या मध्ये. खरा मुद्दा होता तो चढण्याचा. आबांना आता वर चढवत नाही, बाबांची कंबर दुखते आणि गावातील तरुण मुंबई-पनवेलला आहेत. शाकारणीला माणसे मिळत नाहीत म्हणून पत्रा घालणाऱ्याला मी नावे ठेवणार नाही. ज्या घरात फक्त म्हातारी माणसे राहतात तेथे दुसरा उपाय तरी कोणता? शेवटी आमच्याकडे मुख्य घरावर कौले आणि पडवीवर पत्रा, असे ठरले. ही तडजोड काकांना खूश करण्यासाठी झाली होती, पण पुढे तीच योग्य असल्याचे लक्षात आले, ते कसे ते सांगते.

पडवी ही सगळ्या घराची दुबळी जागा. ती तीन बाजूंनी उघडी असते, वारा तिच्यात शिरतो आणि त्याला बाहेर पडायला वाट फक्त वर असते. आमच्या जुन्या घरात मुख्य पाख्याचेच वासे लांबवून पडवी काढलेली होती, म्हणून ती जाताना घराला ओढून घेऊन गेली. नवीन बांधताना पडवीचे छप्पर एक वीत खाली, वेगळ्या भालीवर आणि वेगळ्या खांबांवर घेतले. आता ती गेली तरी एकटी जाईल. वादळी प्रदेशात पडवीचे छप्पर मुख्य छपरापासून तोडावे, अशी शिफारस घरबांधणीचे जाणकारही करतात.

वळचणीचे मात्र कोडे आहे. भिंतीबाहेर आलेले छप्पर जितके लांब, तितका वारा त्याला खालून धरतो. त्या दृष्टीने ते हातभरच असावे. पण कोकणच्या पावसात चिऱ्याची आणि मातीची भिंत झडीपासून वाचवायची तर वळचण लांब लागते. आमच्या पूर्वजांनी पाऊस पाहिला आणि ती लांब ठेवली. त्यांचे चुकले असे मला म्हणवत नाही, कारण पाऊस दरवर्षी येतो आणि वादळ कधीतरी. आम्ही वळचण थोडी आखडली, तिला खालून भिंतीत तिरपे टेकू दिले आणि पावसाळ्यात झडीच्या बाजूला झावळ्यांचे झाप लावतो. वारा आला तर झाप जातील, ते पुन्हा विणता येतात.

घराचा आकारही वाऱ्याला ठाऊक असतो. चौपाखी घर, म्हणजे चारी बाजूंना उतार आणि कोपऱ्यांत कोनवासे असलेले, हे दुपाखी घरापेक्षा वादळात चांगले टिकते. दुपाखी घराच्या दोन्ही टोकांना जी उभी त्रिकोणी भिंत असते तिच्यावर वारा सरळ आदळतो. छप्पर फार सपाट असले तर ओढ जास्त बसते. जुन्या घरांचा चढा उतार पावसासाठी होता, पण तो वाऱ्यालाही बरा पडतो. नवे पत्रे बहुतेक ठिकाणी पैसे वाचवण्यासाठी अगदी कमी उतारावर घातलेले दिसतात.

आता सर्वांत महत्त्वाचे काम, जे जुन्या शाकारणीत कधीच नव्हते. कौल रिपेवर, रीप वाशावर, वासा भालीवर आणि भाल भिंतीवर, असे आपले छप्पर एकावर एक ठेवलेले असते. वजन खाली जाण्यासाठी ही रचना उत्तम आहे. पण ओढ वर असली तर प्रत्येक सांधा सुटा आहे. आमचे वासे भालीला लाकडी खुंटीने आणि एकेका खिळ्याने बसवलेले होते, आणि भाल चिऱ्यांवर नुसती ठेवलेली. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात ऑगस्ट १९९२ मध्ये 'अँड्र्यू' हरिकेनने हजारो घरे मोडल्यावर बांधकामाचे नियम कडक करण्यात आले. त्यांत मुख्य भर या सांध्यांवर आहे. तेथे प्रत्येक वासा भिंतीला लोखंडी पट्टीने जखडतात. ती पट्टी काही मोठे यंत्र नव्हे. आमच्या लोहाराने जुन्या पट्ट्यांतून तशाच करून दिल्या. पट्टी वाशावरून घालायची, दोन्ही बाजूंनी भालीवर उतरवायची आणि स्क्रूने आवळायची. भालीला खाली धरण्यासाठी भिंतीचे वरचे चार थर काढून त्यांखालून सळी घेतली आणि वर भालीवर वळवली, म्हणजे छप्पर उचलायचे तर वाऱ्याला चार थर चिरेही उचलावे लागतील. रिपांना प्रत्येक वाशावर एकाऐवजी दोन खिळे मारले, तेही थोडे तिरपे.

राहिली कौले. मंगलोरी कौल उलटे करून पाहा. त्याच्या पाठीवर एक लहानसा उंचवटा असतो आणि त्याला भोक असते. माझ्या हातून शाकारणीच्या रांगेत आजवर शेकडो कौले पुढे गेली असतील (मुली रांगेत उभ्या राहून कौले देतात, वर मुलगे चढतात), पण ते भोक कशासाठी, हे मी कधी विचारले नव्हते. आबांनाही ते साच्याचे वाटत होते. ते तार ओवण्यासाठी आहे. त्यातून तार घेऊन कौल रिपेला बांधायचे. सगळी कौले बांधणे कोणाला परवडणार नाही आणि दुरुस्तीला अडचणही होते. पण वळचणीच्या दोन-तीन ओळी, आढ्यालगतच्या दोन ओळी आणि कोनवाशांच्या कडेची कौले बांधावीतच. साधी बांधकामाची तार समुद्राजवळ गंजून तुटते, म्हणून जस्ताचा मुलामा असलेली किंवा तांब्याची घ्यावी. आढ्यावरचे पालथे कोने चुन्या-सिमेंटच्या गिलाव्यात पक्के बसवावेत. त्यांतील एक सुटला की वारा तेथूनच पाखा उसवू लागतो.

घराभोवतीच्या झाडांकडेही पाहावे लागते. 'निसर्ग'मध्ये आमच्या वाडीतील निम्मी छपरे वाऱ्याने नव्हे, तर झाडांनी मोडली. घरावर आलेली आंब्याची फांदी मेच्या आरंभी छाटावी. माडाच्या सुक्या झावळ्या आणि तयार नारळ उतरवून घ्यावेत. शेजाऱ्याचा माड आपल्या घरावर झुकलेला असला, तर भांडण काढण्यापूर्वी त्याला आपल्या पडवीत बसवून वर पाहायला सांगावे.

इशारा आल्यावर छपरावर करण्यासारखे काहीच उरत नाही. शिडी आत घ्यावी, अंगणातील सुटे पत्रे आणि फळ्या बांधून टाकाव्यात, कागदपत्रे प्लॅस्टिकमध्ये गुंडाळावीत आणि घर कच्चे असेल तर शाळेत किंवा स्लॅबच्या घरात जावे. वादळानंतर ताडपत्री मिळत नाही, आणि मिळाली तरी भाव ऐकवत नाही. म्हणून एक मोठी ताडपत्री आणि सुंभाचे भेंडोळे आधीच माळ्यावर हवे. ओल्या, शेवाळलेल्या कौलांवर घाईने चढून पडलेली माणसे त्या वर्षी आमच्याच वाडीत तीन होती.

खर्चाचे सांगायचे तर एका वर्षात सगळे होत नाही. आमच्याकडे पहिल्या वर्षी सरकारी मदतीतून आणि काकांच्या पैशातून वासे, भाल आणि पट्ट्या झाल्या. पुढच्या वर्षी पडवी. मग तारा. ज्याला थोडेच पैसे आहेत त्याने आधी भाल भिंतीला आणि वासे भालीला बांधावेत. कौले नंतर. सांगाडा राहिला तर कौले पुन्हा घालता येतात.

गेल्या वैशाखात मी प्रथमच वर चढले. आबा अंगणात खुर्ची टाकून बसले होते आणि पाय कोठे ठेवायचा ते खालून सांगत होते. कौलाच्या मध्यावर नाही, वाशावर, जेथे दोन कौले एकमेकांत बसतात तेथे. पश्चिमेच्या पाख्यावरच्या वळचणीच्या ओळी बांधून झाल्या. उत्तरेकडे एक ओळ झाली आणि तार संपली. उरलेली ओळ यंदा, परीक्षा संपली की.